ल्यूबेकची डागडुजी

ल्यूबेकला दगड नाही. जर्मनीच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या अलीकडचा हा सगळा मुलूख सपाट. हिमयुगातलं बर्फ मागे हटताना जे टाकून गेलं ती वाळू, चिकणमाती आणि नांगराच्या फाळाला अडणारे गोटे, एवढंच इथल्या जमिनीत सापडतं. खाणीतून काढून छिन्नीने घडवावा असा दगड जवळपास कुठे नाही. तरीही या गावातल्या व्यापाऱ्यांनी तेराव्या शतकात मनावर घेतलं की फ्रान्समध्ये उभी राहताहेत तशी आभाळाला भिडणारी चर्चं आपल्यालाही हवीत. त्यांनी माती तुडवली, साच्यात घातली, भट्टीत भाजली आणि विटेवर वीट रचत वर वर जात राहिले.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या मनात भव्यतेचा रंग काळा असतो. वेरूळचं कैलास लेणं, सिन्नरचं गोंदेश्वर, रायगडाचा महादरवाजा. सगळा पाषाणाचा कारभार. वीट म्हणजे गिलाव्याखाली झाकायची वस्तू. तिला आपल्याकडे खरा मान मिळाला तो पंढरपुरात, आणि तोही तिच्यावर जो उभा आहे त्याच्यामुळे. म्हणून भाचीने हॅम्बुर्गहून ल्यूबेकला जाऊ या म्हटलं तेव्हा विटांच्या चर्चांकडून माझी फारशी अपेक्षा नव्हती. आगगाडीने तासाभराच्या आतच आपण तिथे पोहोचतो, आणि स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की समोर होल्स्टेनटोर येतो.

होल्स्टेनटोर म्हणजे शहराची पश्चिमेची वेस. दोन जाडजूड गोल बुरूज, त्यांवर शंकूसारखी टोकदार छपरं आणि मध्ये कमान. जर्मनीच्या जुन्या पन्नास मार्कांच्या नोटेवर हेच चित्र होतं, त्यामुळे तिथल्या एका अख्ख्या पिढीच्या खिशात ही वेस होती. चित्रात न कळणारी गोष्ट समोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा दिसते: दोन्ही बुरूज कललेत, दक्षिणेकडचा जरा जास्तच. हिन्रिख हेल्मस्टेडे या नगर-स्थपतीने १४६४ मध्ये बांधकाम सुरू केलं आणि ते १४७८ मध्ये संपलं. जमीन नदीकाठची, दलदलीची. खाली लाकडी ओंडक्यांची जाळी घालून तिच्यावर पाया रचला होता, पण विटांचं ओझं काम चालू असतानाच खचायला लागलं. वरचे मजले सरळ घेऊन तोल सावरण्याचा प्रयत्न त्या वेळच्या गवंड्यांनी केलेला आहे. सगळ्यांत खालच्या ओळीतल्या जंग्या आज जवळजवळ जमिनीत गेल्या आहेत.

बाहेरच्या बाजूची भिंत साडेतीन मीटर जाड, शहराकडची एक मीटरही नाही. शत्रू बाहेरून येणार हे गृहीत धरलेलं, आणि शिवाय कुणी सरदार वेस बळकावून गावावरच तोफा रोखायला लागला तर आतून ती पाडता यावी, असंही कारण सांगतात. इथल्या तोफा प्रत्यक्षात कधी डागल्याच गेल्या नाहीत.

खरा हल्ला झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही गावकऱ्यांकडूनच. रेल्वे आली, रस्ते रुंद हवेत अशी हाकाटी सुरू झाली. या वेशीच्या पुढे १५८५ ची आणखी एक देखणी वेस होती, ती १८५३ मध्ये पाडून टाकली. मागोमाग हिचाही नंबर लागणार होता. बुरूज कललेले, छप्पर गळकं, वाटेत अडचण. १८६३ मध्ये नगरसभेत मतदान झालं आणि एका मताच्या फरकाने ही वेस वाचली. मग पाया बळकट केला, डागडुजी झाली आणि १८७१ मध्ये कमानीवर सोनेरी लॅटिन अक्षरं आली: घरात सलोखा, बाहेर शांतता. पुढे १९३३-३४ मध्ये बुरुजांच्या आत काँक्रीट घालून कलणं कायमचं थांबवलं. थांबवलं, सरळ केलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्या दलदलीची, त्या चुकलेल्या अंदाजाची खूण त्यांनी वेशीच्या अंगावर राहू दिली.

वेशीला लागून नदीकाठी विटांची सहा उंच कोठारं एका रांगेत उभी आहेत. १५७९ ते १७४५ या काळात बांधलेली, मिठाची. ल्यूबेकच्या श्रीमंतीचं गणित समजून घ्यायचं तर चर्चात जाण्याआधी इथे थांबावं. मध्ययुगात अर्धा-अधिक युरोप कॅथलिक उपासाच्या दिवशी मांस खात नसे. शुक्रवार आणि ईस्टरआधीचे चाळीस दिवस धरले तर वर्षाकाठी ते दिवस बरेच होतात. मग मासे हवेत. हेरिंग मासा स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्याजवळ अमाप मिळे, पण टिकवायला मीठ लागे, आणि ते त्या भागात पुरेसं नव्हतं. ते होतं ल्यूनेबुर्गला, ल्यूबेकच्या दक्षिणेला. मीठ इकडून तिकडे न्यायचं, खारवलेल्या माशांची पिंपं तिकडून इकडे आणायची, मधल्या गावाने दोन्हीकडे नफा घ्यायचा. १३९८ मध्ये या मिठासाठी खास कालवा खोदून पुरा झाला. बाल्टिक आणि उत्तर समुद्राकाठच्या व्यापारी शहरांचा जो हान्सा संघ होता, ल्यूबेक त्याची राणी. १३५६ ची पहिली मोठी सभा इथेच भरली आणि १६६९ ची शेवटचीही. १२२६ पासून हे शहर थेट सम्राटाच्या अखत्यारीत होतं, मध्ये कुणी राजा किंवा सरंजामदार नाही. चर्चांच्या त्या विटा मासे आणि मिठाच्या पैशातून आल्या आहेत.

आणि हा पैसा कुठे खर्च झाला ते पाहायचं तर बाजारचौकातल्या सेंट मेरी चर्चमध्ये जायचं. स्थानिक लोक त्याला मारिएन म्हणतात. शहराच्या दक्षिण टोकाला बिशपचं कॅथेड्रल होतंच. त्याची पायाभरणी ११७३ मध्ये सरदार हेन्रीने, ज्याला सिंह म्हणत त्याने, केली होती. पण व्यापाऱ्यांना स्वतःचं चर्च हवं होतं, बाजाराला लागून, नगरसभागृहाला खेटून, आणि बिशपच्या चर्चहून मोठं. तेराव्या शतकात काम सुरू झालं, मध्येच आराखडे बदलले, आणि १३५१ मध्ये ते पुरं झालं. आतल्या मधल्या दालनाचं छत साडेअडतीस मीटर उंचीवर आहे. विटांच्या कमानी छतांमध्ये जगात याहून उंच दुसरं नाही. दोन्ही मनोरे सुमारे १२५ मीटरचे. बाल्टिकच्या काठाकाठाने पुढच्या शे-दीडशे वर्षांत जी विटांची चर्चं झाली, त्यांतल्या कितीतरी चर्चांनी याचाच कित्ता गिरवला.

आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते, हे सगळ्याच गॉथिक चर्चांत होतं. इथे मला जास्त वेळ लागला तो बाहेर, उत्तरेच्या भिंतीपाशी. जुनी वीट आपल्या विटेपेक्षा बरीच मोठी, उचलायला दोन्ही हात लागतील अशी. रंग एकच नाही. भट्टीत आगीजवळ होती ती जांभळट, लांब होती ती केशरी, मधल्या तांबड्या. आणि खिडकीची प्रत्येक कड, प्रत्येक गोलवा, कमानीची प्रत्येक नक्षी साच्यातून आलेली. दगडात कारागीर जागेवर उभा राहून हवा तसा आकार काढतो. विटेत आकार आधी ठरवावा लागतो, ओल्या मातीत, आणि भाजताना ती आकसणार किती याचा हिशेब धरून. तीस मीटर उंचीवरच्या कमानीचा बाक जमिनीवर कुणीतरी चिखलात मोजून ठेवला होता.

कमरेइतक्या उंचीवर एका विटेवर मला चार उभे चर दिसले. बोटांचे. वीट साच्यातून काढून वाळत घालताना कुणाची तरी बोटं ओल्या मातीवरून घसरली असणार. मी माझी बोटं त्यांत ठेवून पाहिली. चर अरुंद होते, माझी बोटं मावली नाहीत. बाईचा हात असेल किंवा पोराचा. त्या विटेच्या डावीकडे आठ-दहा विटा अगदी एकसारख्या, कडा धारदार, रंग सपाट. त्या मागाहून बसवलेल्या. एकदा हा फरक कळला की भिंत वाचता येऊ लागते: हे जुनं, हे नवं, इथे काहीतरी मोडलं होतं, इथे कुणीतरी सांधलं. “मावशी, आत सगळं चर्च आहे आणि तू भिंतीशीच थांबलीस,” भाची म्हणाली. पण पाच मिनिटांनी तीसुद्धा नव्या-जुन्या विटा बोटाने दाखवायला लागली होती.

त्या क्षणी मला धाराशिवकडचं तेर आठवलं. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे, मूळचं बौद्ध चैत्यगृह, मागची बाजू गोलाकार, आपल्याकडच्या सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंपैकी एक. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच, कोरीव विटांचं. सातवाहनांच्या काळात तगर म्हणून दूरदेशी नाव असलेली ती व्यापारी पेठ, आणि पुढे माती तुडवताना विठ्ठलात हरवून गेलेल्या गोरोबाकाकांचं गाव. म्हणजे विटेचा मोठेपणा माझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर होता. तिथे मी दर्शन घेतलं होतं, भिंत मात्र पाहिली नव्हती. ल्यूबेकहून परतल्यावर तेरला पुन्हा जायचं ठरवलं, आणि या वेळी देवळाला बाहेरून प्रदक्षिणा घालताना हळू चालायचं.

मारिएनच्या भिंतीवर एवढ्या नव्या विटा का, त्याचं उत्तर दक्षिणेच्या मनोऱ्याखाली आहे.

१९४२ च्या २८ मार्चच्या रात्री, पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या रात्री, ब्रिटिश विमानदलाची दोनशेहून अधिक विमानं ल्यूबेकवर आली. युद्ध जर्मनीने सुरू केलं होतं. दीडच वर्षांपूर्वी जर्मन बॉम्बनी इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री शहर आणि त्याचं मध्ययुगीन कॅथेड्रल बेचिराख केलं होतं. ल्यूबेकच्या अरुंद गल्ल्या, जुन्या लाकडाची छपरं. आग लावण्यासाठी असं शहर सोपं. पहाटेपर्यंत जुन्या शहराचा जवळपास पाचवा हिस्सा गेला, तीनशेहून अधिक माणसं मेली. मारिएन, पेत्री आणि कॅथेड्रल, तिन्ही चर्चं पेटली. मारिएनच्या मनोऱ्यातले लाकडी सांगाडे जळाले आणि त्यांवर टांगलेल्या भल्या मोठ्या घंटा खाली कोसळल्या.

त्या घंटा आजही तिथेच आहेत. जाळीच्या दारामागे, फरशी फोडून जमिनीत रुतलेल्या. एकीचा अर्धा कडा ताठ उभा आहे, बाकीचे तुकडे आजूबाजूला फेकल्यासारखे पडलेत. काशाचा धातू काही ठिकाणी वितळून वाकला आहे. घंटेवरची अक्षरं आणि नक्षीची पट्टी अजून स्पष्ट आहे, आणि ती जिथे तुटते तिथे कडा दातांसारख्या झाल्या आहेत. शेजारी कॉव्हेंट्रीहून आलेला खिळ्यांचा क्रूस आहे; तिथल्या जळालेल्या छपराच्या खिळ्यांचा असा क्रूस हे त्या चर्चचं सलोख्याचं चिन्ह आहे. मी घंटांचे फोटो आधी पाहिले होते. फोटोत त्या लहान वाटतात. प्रत्यक्षात एका तुकड्याची जाडी माझ्या वितीएवढी होती, आणि एवढं जाड कासं मातीच्या माठासारखं फुटलं होतं.

युद्धानंतर चर्च दुरुस्त करायला घेतलं १९४७ मध्ये, गावात अन्न आणि निवारा यांचीच भ्रांत असताना. बारा वर्षं काम चाललं. छत पुन्हा लाकडाचं करायचं नाही असं ठरलं. हलक्या काँक्रीटचं बांधकाम आणि वर पूर्वीसारखाच तांब्याचा पत्रा. बाहेरून रूप तेच, आतून पुन्हा पेट न घेणारं. भिंती मात्र विटेनेच सांधल्या. वीट हे या शहराचं भाग्य ठरलं असं मला वाटतं. एक मोडली तर एक बदलता येते, माणसाला हातांनी उचलता येते, पुन्हा भाजता येते. आणि घंटा? त्या ओतून नव्या करता आल्या असत्या. तुकडे उचलून संग्रहालयात ठेवता आले असते. त्यांनी जिथे पडल्या तिथेच राहू दिल्या आणि त्यांच्याभोवती चर्च पुन्हा उभं केलं. काय सांधायचं आणि काय मोडलेलंच ठेवायचं, हा निर्णय त्या उपाशी दिवसांत त्यांनी घेतला, याचं मला अजून नवल वाटतं.

पण याच चर्चमध्ये दुरुस्तीच्या नावाखाली मोठी लबाडीही झाली. आगीच्या उष्णतेने भिंतींवरचा कित्येक शतकांचा चुन्याचा थर गळून पडला आणि खालून मध्ययुगीन चित्रं डोकावली: संत, वेलबुट्टी, लाल-हिरवे-निळे रंग. राखेतून चौदाव्या शतकातलं काहीतरी वर आलं, हा लोकांना दिलासाच होता. डीट्रिख फाय नावाच्या जीर्णोद्धारकाला काम मिळालं आणि त्याच्या हाताखाली लोथार माल्स्काट नावाचा चित्रकार होता. १९५१ मध्ये चर्चचा सातशेवा वाढदिवस थाटात झाला, पश्चिम जर्मनीचे चान्सेलर आडेनाउअर आले, टपाल खात्याने त्या चित्रांची तिकिटं काढली. तज्ज्ञांनी वाखाणणी केली. आणि १९५२ मध्ये माल्स्काट स्वतःच पुढे येऊन म्हणाला की वेदीच्या वरची ती संतमंडळी मी काढली आहेत. खाली फारसं काही उरलंच नव्हतं; भिंत घासून, रंगवून, जुनी दिसेल अशी केली. आधी कुणी विश्वासच ठेवेना. मग तपास झाला, खटला चालला, दोघांनाही तुरुंगवास झाला. आणि वेदीवरची ती खोटी चित्रं पुसून टाकण्यात आली.

मी तिथे मान वर करून बराच वेळ उभी होते. मधल्या दालनाच्या कमानींवर रंगीत वेलबुट्ट्या आहेत, आणि पुढे वेदीच्या वर नजर गेली की भिंत एकदम पांढरी. जिथे सगळ्यांत जास्त सजावट हवी तिथेच कोरी. ती चित्रं लोकांना आवडली होती, देखणी होती म्हणतात. ठेवली असती तर पर्यटकांना काय कळणार होतं! पण ल्यूबेकने ती पुसली. मला ती रिकामी भिंत त्या चर्चमधल्या कुठल्याही चित्रापेक्षा जास्त मोलाची वाटली.

याच निष्ठेचा आणखी एक नमुना उत्तरेच्या बाजूच्या छोट्या दालनात आहे. इथे बेर्न्ट नोटके या चित्रकाराचा १४६३ मधला मृत्युनृत्याचा चित्रपट्टा होता: पोप, सम्राट, व्यापारी, शेतकरी, अगदी पाळण्यातलं बाळसुद्धा, प्रत्येकाचा हात धरून एकेक सांगाडा नाचतोय आणि मागे ल्यूबेकचे मनोरे. ज्या गावाने १३५० ची महामारी पाहिली होती आणि ज्याला साथ पुन्हा पुन्हा गाठत होती, त्या गावाचं हे चित्र. १७०१ मध्ये ते जीर्ण झालं म्हणून त्याची नक्कल करून लावली, आणि ती नक्कल १९४२ मध्ये जळाली. फोटो होते, पुन्हा एक नक्कल करता आली असती. त्याऐवजी आल्फ्रेड माल्हाऊ या विसाव्या शतकातल्या कलावंताकडून त्याच विषयाच्या नव्या काचेच्या खिडक्या करून घेतल्या. जुनं आहे असा आव नाही. विषय तोच, हात आजचा.

मारिएनहून बाहेर पडलं की लगेच नगरसभागृह. त्याची एक उंच भिंत केवळ दिखाव्याची आहे, तिच्यामागे छप्परच नाही. काळ्या झिलईच्या आणि तांबड्या विटांच्या आडव्या रांगा, वर टोकदार मनोरे आणि भिंतीला आरपार मोठाली गोल भोकं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने एवढी पातळ भिंत ढकलून देऊ नये म्हणून वाऱ्यालाच वाट करून दिलेली. आत न्यायदानाच्या दालनाला दोन उंचींची दारं आहेत आणि ती दाखवताना सांगतात की निर्दोष सुटलेला मोठ्या दाराने ताठ मानेने जाई आणि दोषी ठरलेल्याला छोट्या दारातून वाकून जावं लागे.

श्रीमंतांची चर्चं आणि सभागृहं पाहिल्यावर गावाच्या पाठीमागच्या बोळांत जायलाच हवं. जर्मन शब्द ‘गांग’. सुबक व्यापारी घरांच्या दर्शनी भिंतीत मध्येच एक ठेंगणं भुयार दिसतं. माझी उंची बेताचीच, तरी मान लववावी लागली. आत शिरलं की एकदम उघडा बोळ आणि दोन्ही बाजूंना खेळण्यातल्यासारखी एकमजली घरं. जागा महाग झाली तेव्हा घरमालकांनी परसात ही खोपटं बांधून मजुरांना, विधवांना, हमालांना भाड्याने दिली. भुयार निदान एवढं रुंद हवं की शवपेटी बाहेर नेता यावी, असा नियम होता असं तिथे सांगतात. अशा बोळांपैकी सुमारे नव्वद अजून आहेत. आता तिथे गुलाब भिंतीवर चढलेत, दारात सायकली आहेत, आणि काही घरं सुट्टीपुरती भाड्याने मिळतात. रहिवासी असतात, दाराच्या आत डोकावू नये.

गरिबांसाठी गावाने दुसरंही काही केलं होतं. १२८६ मध्ये व्यापाऱ्यांनी पवित्र आत्म्याचं रुग्णालय बांधलं, म्हातारे आणि आजारी यांच्यासाठी. युरोपातल्या सर्वांत जुन्या अशा संस्थांपैकी हे एक. पुढच्या चर्चमधून मागच्या लांबच लांब दालनात गेलं की लाकडी खोल्यांच्या रांगा दिसतात. खोल्या म्हणजे चार चौरस मीटरच्या, एक पलंग, एक खुर्ची, एक कपाट. वर छत नाही, दालनाचंच उंच छप्पर सगळ्यांचं. या खोल्या १८२० मध्ये केल्या आणि १९७० पर्यंत त्यांत माणसं राहत होती. एका दारावर क्रमांक अजून आहे, आणि कडीभोवतीचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत आणि काळं झालंय. भाचीने त्या कडीवर हात ठेवला आणि हिशेब केला: “म्हणजे आई जन्मली तेव्हा इथे कुणीतरी आजी झोपत होती.”

आपल्याकडे परतल्यावर या सगळ्याचा विचार टळत नाही. कोकणातलं कौलारू मंदिर जीर्णोद्धार म्हणून पाडून तिथे फरश्यांचं चकचकीत देऊळ उभं राहतं. शेकडो वर्षांच्या काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट फासला जातो, आणि खाली कोरलेली सुरसुंदरी गुलाबी होऊन बसते. किल्ल्याच्या चुन्याच्या सांध्यात सिमेंट भरतात. ते पाणी कोंडतं आणि शेजारचा जुना दगडच फुटतो. पुण्यातले वाडे तर डोळ्यांदेखत गेले. यात भक्तीची उणीव नाही, पैशाचीही नेहमी नाही. गावकरी प्रेमानेच करतात, स्वतः वर्गणी काढून करतात. पण डागडुजी म्हणजे नवं करणं, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. मोडलेल्याला आधार देऊन मोडलेलं राहू देणं, नव्याने घातलेली वीट नवी म्हणून दिसू देणं, यातही वास्तूचा मान आहे, हे आपल्या गावोगावच्या विश्वस्तांना आणि गवंड्यांना कुणीतरी शांतपणे, त्यांच्याच देवळासमोर उभं राहून दाखवायला हवं. काही तरुण स्थापत्यकार आणि दुर्गप्रेमी मंडळी चुन्यात हात घालून हे काम करतात. त्यांच्या पाठीशी आपण उभं राहायला हवं.

कुणी ल्यूबेकला जाणार असेल तर एवढं सांगते. आधी पेत्री चर्चच्या मनोऱ्यात लिफ्टने वर जा. पन्नास मीटरवरून अख्खं बेट दिसतं, त्राव आणि वाकेनित्स या नद्यांच्या मधलं, आणि पाच चर्चांचे सात मनोरे मोजता येतात. पेत्रीही १९४२ मध्ये जळालं होतं आणि त्याची दुरुस्ती १९८७ मध्ये पुरी झाली; आतून ते साधं पांढरं ठेवलंय आणि तिथे प्रदर्शनं, कार्यक्रम होतात. त्याच वर्षी जुन्या शहराला युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कॅथेड्रलमध्ये नोटकेचा १४७७ चा सतरा मीटर उंच क्रूस आहे, तो बॉम्बहल्ल्यातून वाचला, त्यासाठी दक्षिणेकडे चालत जाणं वाया जाणार नाही. आणि संगीताची आवड असेल तर मारिएनपुरतं थांबू नका. तिथे बुक्स्टेहुडे हा संगीतकार १६६८ पासून ऑर्गन वाजवत होता, त्याला ऐकायला पुढे थोर संगीतकार ठरलेला वीस वर्षांचा बाख १७०५ मध्ये आर्नश्टाटहून जवळजवळ चारशे किलोमीटर पायी आला, महिनाभराची रजा घेऊन आला आणि तीन महिन्यांहून अधिक राहिला. पण त्या काळातला तिथला ऑर्गन जळाला. उत्तरेला नाविकांच्या याकोबी चर्चवर बॉम्ब पडले नाहीत, त्यामुळे तिथले जुने ऑर्गन शाबूत आहेत. छोटा ऑर्गन स्टेलवागेन नावाच्या कारागिराने १६३७ मध्ये वाढवून नीट केलेला आहे, आणि त्यातल्या काही नळ्या त्याहूनही जुन्या. त्यावर कार्यक्रम होत असतात. दारावरचा फलक पाहून वेळ ठरवा आणि शक्य असेल तर भिंतीच्या बाजूच्या बाकावर बसा, तिथून ऑर्गनचा कोरीव लाकडी दर्शनी भाग जवळून दिसतो.